सव्वा इंच खाली

सावेडी, नगर
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय कादरमामू यांना,
फैयाजचा सलाम.

परवा फोन केला होता. तुमच्या सूनबाई फरहीनभाभीने तो तुमच्या कानाला लावून दिला, मी पाच मिनिटं घसा फोडला, आणि शेवटी भाभीच म्हणाली, 'लिहून पाठवा, भाईसाब, ते वाचतील.' चाळीस वर्षं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर घण मारून तुमचे कान गेले, त्याला फोन तरी काय करणार. म्हणून हे पत्र. दहावीनंतर एवढं हाताने पहिल्यांदाच लिहितोय, अक्षराला हसू नका.

मुद्दा असा. मार्चमध्ये मी गाडी घेतली हे तुमच्या कानावर आलंच असेल. जुनीच आहे, पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली, पण स्पोर्ट्स कार आहे. पिवळी, दोन दारं, दोन सीट. एमआयडीसीत कामावर रोज तीच नेतो. आमच्या गेटवरचा वॉचमन आधी माझं आयकार्ड उलटंपालटं करून बघायचा, आता सलाम ठोकतो.

आता तिला लोअरिंग स्प्रिंग बसवायचेत. म्हणजे मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि कडक. गाडी तीस मिलिमीटर खाली बसते, तुमच्या भाषेत सव्वा इंचाला जरा कमी. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये आत्ता चार बोटांची फट आहे, ती मला बघवत नाही. शिवाय वळणावर गाडी झुकायची थांबते. सेट मागवून ठेवलाय, लालभडक आहे, बॉक्स माझ्या कॉटखाली आहे. इथल्या गॅरेजवाल्यांवर भरवसा नाही. एकजण तर म्हणाला, नवे कशाला, आहेत तेच कापून देतो. स्प्रिंगचं काम तुमच्या हातून झालं तरच मला चैन पडेल.

अम्मी ठीक आहे. मणक्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. बुटक्या खाटेवर, पाटावर बसायला अजून मनाई आहे, उठताना जोर पडतो. आठवड्यातून तीनदा व्यायामाला नेतो, याच गाडीतून.

तुमचा भाचा,
फैयाज


काष्टी
११ ऑगस्ट

चि. फैयाज यास कादरमामूची दुआ.

पत्र पोचलं. उर्दू तुला येत न्हाई, हिंदी मला लिवता येत न्हाई, म्हनून शाळेत शिकलो ती मराठी. चुका दिसल्या तर गुरुजींना बोल, ते वारले.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी वाटलं तुझ्या लिवन्यात काय चुकलं. अरे, जन्मभर मी गाड्या उचलत आलो. ऊस भरून भरून ट्रक बसला की मालक यायचा, म्हनायचा कादरभाई, एक पाटा वाढवा, गाडी वर घ्या. खाली घ्या म्हनून आलेला तू पयला. शेजारच्या रंभाजीला वाचून दाखवलं. त्यो म्हनला, पोरगं शिकलेलं हाय ना?

रोजच्या वापराला गाडी हाय तर तुमच्या तिथल्या पाइपलाइन रोडला स्पीडब्रेकर किती हायत ते मोज आधी. आन चार बोटांची फट ही वाईट दिसन्यासाठी ठेवलेली नसती, चाकाला वर-खाली व्हायला ठेवलेली असती.

ते राहू दे. आता माझं ऐक. तुझ्या अम्मीनं तीन वर्सं माझ्या दारात पाऊल टाकलं न्हाई. कारन तुला ठाव हाय, तरी लिवतो, कारन चूक माझी हाय. माझ्या उझैरच्या लग्नात, भर पंगतीत, मी चार पाहुन्यांत बोललो की फैयाजला सायकल सरळ चालवता येत न्हाई, त्यो काय गाडी घेनार. मस्करी हुती. शकिला ताटावरून उठली आन म्हनली, भाईजान, आता तुमच्या दारात येईन तर माझ्या लेकाच्या गाडीतूनच येईन, न्हाईतर न्हाई. ती बोलली म्हंजी बोलली. फ्रॉकात हुती तवापासून तशीच हाय. ऑपरेशनच्या टायमाला मी एस्टीत बसलो, तर कानामुळं गरगराय लागलं, श्रीगोंद्याला उतरून उलट्या करत माघारी आलो. मला सदुसष्ट चालू हाय, बाबा. मला माझी बहीन बघायचीय, एवढंच.

गाडी आता झाली. तवा स्प्रिंग मी बसवतो, पन शकिलाला घेऊन ये. आन माझा नियम ठाव हाय ना, मालक शेजारी उभा राहिला तर मी पान्याला हात लावत न्हाई.

तुझा,
कादरमामू


सावेडी
२० ऑगस्ट

आदरणीय मामू,
सलाम.

अम्मीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. पंगतीचा भाग आला तेव्हा ती म्हणाली, 'पुन्हा वाच.' मी पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही वाचायला लावला. त्या दिवशी ती चहात साखर टाकायला विसरली आणि तो तसाच प्यायली.

मात्र डॉक्टर सध्या इतक्या लांब जायला नको म्हणतात. तर असं करू. सात सप्टेंबरच्या रविवारी मी एकटा येतो. स्प्रिंग बसले की गाडी रस्त्याला चिकटून चालेल, हेलकावे कमी होतील, मग अम्मीला आणणं सोपंच होईल. माझा शब्द आहे.

नियम मान्य. मी शेडच्या जवळपास फिरकणार नाही.

फैयाज


सावेडी
१४ सप्टेंबर

आदरणीय मामू,
तुमचे हात धरून ठेवावेसे वाटतात.

रोडवरच्या तुमच्या शेडमध्ये गाडी सोडून मी चालत घरी गेलो, भाभीच्या हातचं मटण खाल्लं, उझैरच्या खोलीत आडवा झालो आणि उठून येतो तर काम झालेलं. चाकाच्या जाळीतून लाल स्प्रिंग डोकावत होते. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आणि फरक तरी किती. श्रीगोंद्याच्या पुढच्या वळणावर गाडी अशी गेली की रुळावरून जावी. आधी त्याच वळणावर माझा खांदा दाराला लागायचा. पाठीला दणके बसतात, पण आमच्या गाड्यांच्या ग्रुपमधला ओम म्हणतो की हीच तर खूण आहे. फट चार बोटांची होती, ती पहिल्या दिवशी साडेतीन झाली. आता तीन. तुम्ही म्हणालात तसे स्प्रिंग हळूहळू बसतायत. रोज सकाळी बोटं घालून बघतो. ब्रेकरवरून आता गाडी तिरकी काढावी लागते, आणि मागचे सगळे थांबून बघतात.

ओमलाही त्याच्या गाडीचं काम तुमच्याकडूनच करून हवंय. त्याला तुमचा पत्ता देऊ का?

जुने स्प्रिंग भंगारात देऊन टाका. माझं त्यांच्याशी आता काही नातं राहिलं नाही.

फैयाज


काष्टी
२२ सप्टेंबर

चि. फैयाज यास दुआ.

तुला आवडलं, आनंद झाला. ओमला सांग की म्हाताऱ्याचे हात दुखतात. चाराची तीन झाली म्हनतोस, तर रोज बोटं एकाच हाताची घालतोस ना तेवढं बघ.

आता शकिलाला कवा आनतोस ते लिव. बाकी काय लिवू नको.

कादरमामू


सावेडी
१० ऑक्टोबर

आदरणीय मामू,
सलाम.

उशीर झाला, माफ करा. पत्र दोनदा लिहिलं आणि फाडलं.

डॉक्टरांनी परवानगी दिलीय. रस्ताही चांगला आहे. अडचण तुमच्या घराची आहे. रोडवरून आत वळलं की कालव्याच्या चारीवरचा तो छोटा पूल लागतो, मध्येच केवढा वर आलाय तो. मी सप्टेंबरमध्ये चालत गेलो तेव्हा नीट बघून ठेवलंय. मूळ उंचीवर गाडी कदाचित गेली असती. आता सव्वा इंच खाली आहे, मधोमध पोट टेकणार म्हणजे टेकणार. अम्मी आत बसलेली असताना गाडी पुलावर अडकली तर ती आयुष्यात पुन्हा बसायची नाही.

पुलाच्या अलीकडे थांबावं तर पुढे दोनशे पावलं आहेत. ती घरात चालते, पण कच्च्या वाटेवर चालवायचा मला धीर होत नाही. शिवाय ती म्हणाली होती 'दारात'. तिच्या शब्दाला किती धार आहे ते तुम्हाला माहीत आहे.

तर सध्या थांबू. कधीतरी तो पूल सपाट करतीलच.

मलाही वाईट वाटतंय, मामू. पण काम तुम्ही इतकं चोख केलंय की आता त्याला इलाज नाही.

फैयाज


काष्टी
९ नोव्हेंबर

चि. फैयाज यास दुआ.

हे पत्र बसून वाच. उभ्यानं वाचू नको.

पयलं सांगतो, मी आन रंभाजीनं पूल खनून पाहिला. दोन घमेली माती निघाली तेवढ्यात पाटबंधाऱ्याचा पाटकरी आला, म्हनला हा सरकारी पूल हाय, हात लावायचा न्हाई. त्याचं बरोबर हाय. मग मी तीन आठवडे इचार केला. दुसरी वाट राहिली न्हाई म्हनून लिवतो.

तुझी गाडी खाली गेलेली न्हाई. एक सूतभरसुद्धा न्हाई.

त्या दिवशी तू जेवून झोपला. मी तुझा बॉक्स उघडला, नवे स्प्रिंग हातात घेतले. माल चांगला हाय, मी नाव ठेवनार न्हाई. मग गाडीच्या पोटाखाली हात घालून माप घेतलं आन चारीवरचा पूल डोळ्यापुढं आला. हाय त्या उंचीला गाडी पुलावरून बोटभर राखून जाती. नवे घातले तर टेकती. म्हनलं, कादर, हे बसवलेस तर शकिला तुझ्या दारात येत न्हाई. मग जुनेच स्प्रिंग धुतले. पोळ्याला रंभाजीच्या बैलांची शिंगं रंगवून लाल रंग उरला हुता, त्याचे दोन हात मारले, उन्हात वाळवले आन परत बसवले. चाकांत हवा सहा पौंड जादा भरली, कारन पाठीला दणके बसले की तुमा पोरांना गाडी सुधारली असं वाटतं.

इतक्या वर्सांत एका गिऱ्हाइकाला फसवलं न्हाई. पयला तू, माझ्या बहिनीचा. मला लाज वाटती. आन अक्कल बघ माझी. तू पूल ओलांडून यावंस म्हनून फसवलं, आन फसलास म्हनूनच तू पूल ओलांडत न्हाईस.

नवे स्प्रिंग कुठं हायत म्हनशील. शकिलाला खाली बसायला मनाई हाय असं तू लिवलं हुतंस. आमची खाट बुटकी. तिच्या चारी पायांखाली ते चार स्प्रिंग घातले, लाकडाच्या टोप्या करून. खाट फूटभर वर आली. हलत न्हाई, करकरत न्हाई. दिसू नये म्हनून चादर पार जमिनीपर्यंत सोडलीय. गाडी खाली घेनारे स्प्रिंग, पन माझ्या हातात आले आन खाट वर गेली. मला दुसरं काय येतच न्हाई.

आता गाडी बिनघोर पुलावरून आन. नंतर म्हनशील तर खरे स्प्रिंग बसवून देईन, तुला शेजारी उभा करून.

तुझा,
कादरमामू


सावेडी
१६ नोव्हेंबर

भाईजान यांना शकिलाचा सलाम.

तीन वर्षांनी लिहितेय. तुमचं पत्र फैयाजच्या नावाने होतं, मी फोडलं. तो कामावर होता, पाकिटावर तुमचं अक्षर, मला राहवलं नाही. वाचून झाल्यावर गव्हाच्या डब्यात ठेवलंय. त्याला दिलेलं नाही आणि देणारही नाही. तुम्हीही त्याला पुन्हा असलं काही लिहू नका.

का ते ऐका. त्याचे अब्बा गेले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर बहिणीचं, कैनातचं लग्न त्याने केलं, घर त्याने चालवलं, माझं ऑपरेशन त्याने निभावलं. दहा वर्षांत या मुलाने स्वतःसाठी एक शर्टसुद्धा रंग निवडून घेतला नाही, दुकानदार देईल तो. ही गाडी त्याची पहिली हौस. सप्टेंबरपासून रोज सकाळी तो गाडीजवळ उकिडवा बसतो, चाकावर बोटं घालून बघतो आणि हसतो. एकटाच हसतो, भाईजान. मी खिडकीतून बघते. तो सव्वा इंच तिथे नाहीच हे त्याला कळलं तर तो भांडणार नाही, ओरडणार नाही, नुसता पूर्वीसारखा गप्प होईल. मला ते परत बघायचं नाही.

आणि तुम्ही एकट्यानेच फसवलंय असं समजू नका. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. व्यायामाला मी त्या गाडीतून जातच नाही. एकदा गेले होते. उतरताना फैयाज आणि दवाखान्याचा वॉचमन अशा दोघांनी मिळून मला बाहेर ओढलं. तेव्हापासून गहिनीनाथच्या रिक्षाने जाते. फैयाज गाडी घेऊन पुढे जातो आणि गेटवर माझी वाट बघत उभा राहतो. तुम्हाला हे कळू द्यायचं नाही असं त्याने बजावलं होतं, कारण तुम्ही पुन्हा चार लोकांत बोलाल.

मग मीच डॉक्टरांना म्हटलं, मला मुलाच्या गाडीत बसता आलं पाहिजे, तसा व्यायाम द्या. फैयाजने गाडीच्या सीटच्या मापाचं एक स्टूल करून आणलं. त्यावर मी उठबस करायला लागले. सप्टेंबरात तो तुमच्याकडून आला आणि त्याने करवत घेऊन स्टुलाचे पाय सव्वा इंच कापले. म्हणाला, अम्मी, गाडी आता खाली आलीय. दोन महिने मी त्या बुटक्या स्टुलावरून उठतेय. गुडघे बोलायला लागले. तुमच्या त्या शिंगांच्या रंगापायी.

एवढी मेहनत केली आहे तर आता मी येणार. मी म्हटलं होतं, लेकाच्या गाडीतून येईन. गाडी कुठे उभी करायची ते मी म्हटलं नव्हतं. चारीपर्यंत गाडीने येते, पुढची दोनशे पावलं चालते. घरातल्या घरात चालून मला कंटाळा आलाय. पुलाच्या पलीकडे एक उंच खुर्ची ठेवा, आणि पूल खणू नका. या वयात लोकांनी सरकारी पुलावरून तुम्हाला बोल लावलेला मला आवडणार नाही, तो मान माझा आहे.

खाटेची चादर सोडलेली राहू द्या.

तुमची,
शकिला


काष्टी
२५ नोव्हेंबर

चि. फैयाज यास दुआ.

तू म्हनतोस तेच खरं. गाडी सव्वा इंच खाली हाय, पुलावर घालू नको. अलीकडं बाभळीखाली उभी कर. खुर्ची मी ठेवतो. शकिला चालंल. दिवस तेवढा कळव.

कादरमामू


सावेडी
२८ डिसेंबर

आदरणीय मामू,
सलाम.

एकवीस तारखेला जे झालं ते आपण सगळ्यांनीच पाहिलं, तरी लिहितो. थोडं तुम्ही पाहिलेलं नाही.

अम्मी गाडीतून एका दमात उतरली. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, खाली घेतलेल्या गाडीतून एवढी सहज कशी उठली, तर म्हणाली, स्टुलाची सवय. पुलावर मधोमध पोचली आणि थांबली. दम लागला असं वाटून मी धावणार, तेवढ्यात पलीकडून तुम्हीच खुर्ची उचलून पळत आलात. आणि तिला बसवायचं सोडून दोघं तिथेच भांडायला लागलात. कशावरून, तर त्या पंगतीत ती अर्ध्या ताटावरून उठली की जेवण उरकून. तुम्हाला ऐकू येत नाही, ती हळू बोलते, आणि तरी एकमेकांचा एक शब्द सुटत नव्हता. मग ती तुमच्या छातीवर डोकं टेकून रडली. खुर्ची तुमच्या दुसऱ्या हातात तशीच होती. मी बाभळीखाली रडत होतो, हे भाभीला सांगू नका.

जेवणानंतर अम्मी तुमच्या खाटेवर झोपली. ऑपरेशन झाल्यापासून मी तिला कण्हल्याशिवाय कूस बदललेली पाहिली नव्हती. त्या दिवशी दोन तास गाढ. तुम्ही बाहेर रंभाजींशी बोलत होता. मी खाली चटईवर बसलो होतो, खिशातून गाडीची किल्ली निसटली आणि खाटेखाली गेली. काढायला चादर उचलली.

चार लाल स्प्रिंग. कंपनीचं नाव बरोबर माझ्याकडे तोंड करून. त्याखाली लिहिलेलं, तीस मिलिमीटर लोअरिंग. आणि त्यावर माझी आई, जमिनीपासून दीड हात वर, घोरतेय.

राग आला, मामू. फार आला. किल्ली घेतली आणि तडक पूल ओलांडून गाडीत जाऊन बसलो. सुरू केली. मनात होतं की आता ही सरळ पुलावरून घालायची, तुमच्या दारात उभी करायची आणि काही न बोलता तुमच्याकडे बघत राहायचं. गियरही टाकला. मग मला आमच्या कंपनीतली माणसं आठवली. गाडी वळणाला कशी चिकटून जाते हे मी त्या बिचाऱ्यांना साडेतीन महिने ऐकवलंय. रोज सकाळी फट मोजायचो, आणि ती दर आठवड्याला कमी व्हायची. कमी होत होती, मामू, माझ्या बोटांनी पाहिलीय. इतका आनंद मला खऱ्या स्प्रिंगांनी दिला असता का, कुणास ठाऊक. आणि आत जी झोपली होती ती त्यांच्यावरच झोपली होती. मी गाडी बंद केली.

परत आलो तेव्हा अम्मी उठून बसली होती आणि तुम्ही चहा घेऊन आला होता. मी दारात दिसताच तुम्ही दोघांनी एकदम चादरीकडे पाहिलंत. तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत आहे.

निघताना तुम्ही म्हणालात, 'जपून ने, गाडी लई खाली हाय.' अम्मी म्हणाली, 'हो, माझ्या फैयाजची गाडी अख्ख्या सावेडीत सगळ्यात खाली आहे.' मी म्हणालो, 'हो, मामू.'

मला कळलंय हे अम्मीला कधीच सांगू नका. आपण मुलाला सांभाळलं या खुशीत ती आठवडाभर न टेकता चालतेय. ती फेब्रुवारीत पुन्हा येणार म्हणते, तेव्हा स्प्रिंग आहेत तिथेच राहू द्या. ओमला मी सांगून टाकलंय की मामूंनी काम बंद केलं. काल पंपावर हवा तपासली तर सहा पौंड जास्त निघाली. पंपवाला काढायला लागला, मी म्हटलं राहू दे. ब्रेकरवरून गाडी अजून तिरकीच काढतो.

एक काम मात्र आहे. मागच्या उजव्या स्प्रिंगचा रंग खडी लागून उडालाय, आतला काळा दिसतो. त्या छटेचा लाल मी नगरच्या चार दुकानांत शोधला, मिळाला नाही. तुमच्याकडे तो उरला असेल तर एक डबी काढून ठेवा. मी पुढच्या रविवारी येतो. गाडी शेडमध्ये लावीन, किल्ली तुमच्याकडे देईन, घरी जाऊन भाभीच्या हातचं जेवीन आणि तुम्ही हाक मारेपर्यंत झोपून राहीन.

तुमचा,
फैयाज